चाकातली हवा, अक्काचा रुसवा

वडवणीहून निघालेल्या गाडीत पिवळा दिवा लागला, तेव्हा बद्रीनाथचं काळीज गाडीच्या आधीच दिंद्रुडला पोचलं होतं. तिथं त्याची थोरली बहीण, छबुअक्का. नव्या घराच्या वास्तुशांतीला तिला दुसऱ्या पंगतीत बसवलं, तेव्हापासून तिला माहेरची वाट सापडेनाशी झाली होती. आता पोरीचं, प्रियदर्शनीचं लग्न. हळदीच्या जात्याला पहिला हात आत्याचा. आत्याच नसली तर जातं फिरावं कसं? निरोप धाडला, तर उलट निरोप आला, "न्यायला सोता येऊ दे त्याला. मग बघू."

"अवो, हे काय पेटलं?" शेजारी बसलेल्या विजयमालानं, त्याच्या बायकोनं विचारलं.

घोड्याच्या नालेसारखी खूण, तिच्या पोटात एक उभी रेघ, खाली टिंब. बद्रीनाथनं पुण्याला पोराला फोन लावला.

"आप्पा, चाकात हवा कमी झालीय," युवराज म्हणाला. "आधी हवा भरा, मग स्टिअरिंगखालचं बटन दाबून धरा. दाबताना जी हवा असते, तीच बरोबर, असं गाडी धरून चालते. कळलं का?"

"कळलं की."

कळलं होतं ते एवढंच, की बटन दाबायचं. हवेचं दुकान अक्काच्या घराच्या पुढं. रुसल्या बहिणीच्या दारात असला दिवा पेटलेली गाडी न्यायची कशी? त्यानं तिथंच बटन दाबून धरलं. दिवा गेला.

"बगितलं? यंत्राला बी गोडीनं सांगावं लागतंय."

"आन् हवा?"

"अक्काला घेतल्यावर भरू."

अक्का दारातच उभी होती. पिशवी भरलेली, तोंड मिटलेलं. भाऊ पाया पडला. तिनं आशीर्वाद नुसत्या हातानं दिला आणि मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानात चारी चाकांत हवा भरली, गाडी वडवणीकडं वळली, अन् थोडं पुढं जाते न जाते तोच दिवा पुन्हा लागला.

"हे कावून लागलं?" अक्काचा पहिला शब्द.

"न्हाई, ते हवेचं..."

"हवा माझ्या डोळ्यांदेखत भरली की! मी येस्तोर दिवा न्हवता. मी बसले न् लागला. गाडीला बी माझं ओझं झालं. थांबीव, मी यष्टीनं माघारी जाते."

आणि ती उतरलीच. बाभळीखाली पिशवी टेकवून, पाठ फिरवून बसली.

पोराचं फोनवरचं बोलणं बद्रीनाथला आत्ता उमगलं. तो तिच्यासमोर मातीत उकिडवा बसला. "अक्का, गाडीची चूक न्हाई, माजी हाय. हवा कमी असतानाच मी बटन दाबलं. गाडीला वाटलं, हीच हवा खरी. आता पुरी भरली, तर तिला ती बिघडल्यावानी वाटायलीय." तो मातीत बोटानं रेघ ओढत राहिला. "माजं बी तसंच झालं. तू येत न्हाईस, बोलत न्हाईस. म्हनलं, आता असंच असतंय. आज तू गाडीत बसलीस, तर ते बी खरं वाटंना."

अक्कानं पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय, कळेना.

"मग आता?"

"आता परत दाबायचं."

"कुठंय ते बटन?"

ती सरळ स्टिअरिंगसमोर जाऊन बसली. जात्याचा खुंटा धरावा तसं तिनं बटन धरलं, दिवा जाईस्तोवर. मग उतरून शेजारच्या दाराशी आली. विजयमाला तिला जागा देऊन मागं गेली.

गाडी चालू लागली. कपाशीच्या रानावरून वारा आला आणि अक्का गुणगुणू लागली. कितीक दिवसांनी तो आवाज! बद्रीनाथनं डोळे पुसले. मग हळूहळू शब्द कानी आले:

"चाकात न्हाई वारा, दिवा इझवी बटनानं,
बंधू माझा गं शहाणा, गाडी चालवी मनानं..."

"अक्का! हे काय?"

"उद्या हळद दळताना म्हनायची हाय, समद्या बायांत. अजून जुळवायलीय. तू रस्त्याकडं बघ."

आणि मागच्या सीटवरून विजयमाला पुढं वाकली. "वन्सं, परत एकदा म्हना की. मला पाठ हुईना."