डाव्या पंखातली गळती आणि तिचं समितीकृत निवारण

कुठल्याही गळतीचं मूळ कारण म्हणजे ती कुणाला तरी दिसणं. न दिसलेल्या गळतीनं आजवर एकाही समितीला त्रास दिलेला नाही.

निपाणीजवळच्या तंबाखूच्या रिकाम्या वखारीत रघुवीरअण्णांनी सहा वर्षं खपून स्वतःच्या हातानं विमान बांधलं. त्याच्या डाव्या पंखातल्या टाकीतून पेट्रोल ठिबकतंय, हे नेमकं त्यांच्या पुतणीला, रचनाला दिसलं. (रचना दहावीत. दहावीच्या वर्षात पुस्तकातून डोकं वर काढायचं नसतं, हे तिला सांगितलेलं होतं.) रविवारी पहिलं उड्डाण. पत्रिका वाटून झालेल्या. पत्रिकेत गळतीचा उल्लेख नव्हता.

"अण्णा, टाकी रिकामी करून आत जरा हवा भरायची, वरनं साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे येतील तिथं भोक. मग झाकण खोलून आतनं सीलंट भरायचं आणि चार दिवस वाळू द्यायचं."

"चार दिवस? अगं, पाव्हणे रविवारी येणार!"

सबब तातडीनं समिती नेमण्यात आली. अध्यक्ष जोतिबाआप्पा, ट्रकमालक, अनुभव चाळीस वर्षं.

"टाकीला साबणाची वडी घासायची. आमचा ट्रक धारवाडपतोर जातोय, एक थेंब न्हाय."

"आप्पा, ट्रक बिघडला तर कडेला लावता येतो. विमान कुठं लावायचं?"

"लई शानी हाईस गं!" आप्पा म्हणाले. हे इतिवृत्तात घेतलं गेलं.

वडी घासली. मिनिटाला चाळीस थेंबांचे छत्तीस झाले, म्हणजे दहा टक्के सुधारणा. मग खाली पातेलं ठेवलं. जमिनीवर पडणारे थेंब : शून्य. सुधारणा शंभर टक्के. 'विडी ओढू नये' असा फलकही मंजूर झाला, पण कानडी किती इंच आणि मराठी किती इंच यावर दीड तास घोडं अडलं. तेवढ्यात विचार करता यावा म्हणून चार सदस्यांनी विड्या काढल्या. रचनानं त्यांना काडेपेटीसकट रस्त्यावर पिटाळलं. (हे इतिवृत्तात नाही.)

गळक्या टाकीपासून अण्णांची सीट हातभर अंतरावर होती. हा मुद्दा विषयपत्रिकेत नसल्यामुळे तो एकट्या रचनानं फूटपट्टी लावून मोजला.

शनिवारी दुपारी समिती मांडव घालण्यात गुंतलेली असताना तिनं डावी टाकी कॅनमध्ये रिकामी केली. मग उजवीपण. उगाच भेदभाव नको.

रविवारी पातेलं कोरडं! समितीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या थांबल्यावर अण्णा विमानात बसले. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पाव्हण्यांनी मसालेभाताची चव चांगली असल्याचं नमूद केलं आणि ते गेले.

अण्णांनी टाक्या बघितल्या, कॅन बघितले, मग पुतणीकडं बघितलं.

"तूच?"

"व्हय."

अण्णा पंखाखाली वाकले. पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"स्क्रू ड्रायव्हर आण. झाकण खोलू."

सोमवारपासून वखारीत एकसष्ट फोन आले. उडालं का, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. भोक सापडलं का, असं विचारणारा एकही नाही. तुम्ही फोन करायची तसदी घेऊ नका. तुम्हीसुद्धा मघापासून ओळीमागून ओळ काय शोधत या पानाच्या खाली आलात, ते कळलंय.