निमकरकाका आणि वॉल्टरची रायफल

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा निमकरकाकांनी शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला आणि पोळीची जाडी मोजली. "मध्ये दीड मिलिमीटर, कडेला दोन पूर्णांक दोन," ते माझ्या बायकोला म्हणाले, "कडा जरा दाबत जा." पुढचे चार रविवार तिने त्यांना फक्त भात वाढला.

शुगर लँड या अमेरिकी उपनगरात आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. वय सहासष्ट, पंपांच्या कारखान्यातून निवृत्त. काकू जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी क्युपर्टिनोला. "मोजलंय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ताप आलाय म्हणा, ऊन फार आहे म्हणा, ते विचारणारच. मी तेलकंपनीत अंदाजपत्रकं करतो, त्यामुळे आमचं छान जमलं. वॉल्टरची रायफल येईपर्यंत.

वॉल्टर त्यांच्या कुंपणाला लागून राहणारा. दर नोव्हेंबरात वडिलांच्या जुन्या रायफलीने हरणं मारायला जायचा. काका कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारे. तो परतला की हे कुंपणावरून विचारायचे, "मारलंस का रे बिचाऱ्याला?" तो हसायचा आणि दोघं चहा प्यायचे. असं अठरा वर्षं.

वॉल्टर गेला. त्याच्या लेकीला, लिंडाला, वडिलांचीच रायफल घेऊन शिकारीला जायचं होतं. पण त्या रायफलीची काडतुसं बनणं केव्हाच बंद झालेलं. दोन बंदूकवाल्यांनी सांगितलं, भिंतीवर टांगा. काका म्हणाले, "आण इकडे." बेत असा की हल्लीचं, कुठेही मिळणारं काडतूस बसेल अशी नवी नळी जुन्या रायफलीला बसवायची. गॅरेजमध्ये लेथ, धातू कातायचं यंत्र, होतंच. दोन वर्षं चार महिने ते काम चाललं. दर शनिवारी लिंडा यायची, "अंकल, हाऊज डॅडीज गन?" विचारायची, चहा घेत तासभर बसायची.

मला एकच धास्ती होती. काकांनीच सांगितलं होतं की गोळी सुटते त्या क्षणी आत चौरस इंचावर बावीस टनांचा दाब येतो. मी हिशोब केला. चार हत्ती, टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेवर, आणि नेम धरणाऱ्याचा गाल तिथून चार इंचांवर. जोड कुठे कच्चा राहिला तर?

त्यात मी काडतुसाचा खोका वाचला.

"काका, नावात तीस शतांश इंच लिहिलंय. गोळी त्याहून आठ हजारांश जाड आहे!"

"तशीच असते. नावावर काय जातोस? तुझं नाव सुधीर, आणि बघ कसा थरथरतोयस."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या ओळखीच्या रँचवर गेलो. निघताना बायको म्हणाली, "तू लांब उभा राहा. फार लांब." रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला साठ फूट दोरी लावली आणि आमच्या पिकअप ट्रकच्या आड बसलो. काकांनी दोरी ओढली. आवाजाने माझे दात एकमेकांवर आपटले. तीनदा ओढली. दर वेळी काका भिंग लावून रिकामं काडतूस बघत, मोजत, वहीत लिहीत. तिन्ही ठीक.

"झालं. चला," मी म्हणालो.

काका दोऱ्या सोडू लागले. "आता खांद्यावर."

"कशाला? तीनदा उडवली ना?"

"टायरला गाल नसतो, सुधीर."

"तीन म्हणजे पुरेसा नमुना आहे का? अजून वीस उडवू. पन्नास उडवू! तुम्हीच सांगा, मोजून काय शक्यता आहे?"

"ते मोजता येत नाही," काका म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "पुढच्या महिन्यात लिंडा याच दस्त्यावर गाल टेकणार. तिचा बाप नाही बघायला. मग आधी कोणाचा गाल टेकायचा?"

चष्मा पुसून त्यांनी नेम धरला. मी ट्रकच्या चाकामागे डोकं घातलं. आवाज झाला. नंतर काहीच नाही. मी डोळे मिटूनच "काका?" म्हणालो. पुन्हा ओरडलो.

"अरे, कानात बोळे आहेत माझ्या," ते म्हणाले.

चेहरा शाबूत होता. चौथं काडतूसही मोजून त्यांनी वहीत लिहिलं, पण रायफल पेटीत मलाच ठेवायला सांगितली. परतताना ते हात मांड्यांखाली दाबून बसले. अर्ध्या वाटेत लिंडाचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"अंकल, झालं का टेस्टिंग? शनिवारी घेऊन जाऊ?"

वहीतले चारही आकडे त्यांच्या मांडीवर उघडे होते, एकही चूक नसलेले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नॉट येट, बेटा. एक स्क्रू अजून सैल वाटतोय. तू शनिवारी चहाला ये नेहमीसारखी, पण लगेच न्यायला मिळेल असं धरू नकोस."

फोन ठेवल्यावर त्यांनी वही मिटली. मी गाडीचा वेग पाच मैलांनी कमी केला आणि घर येईपर्यंत स्क्रूबद्दल काही विचारलं नाही.