डिकीतल्या सासूबाई

शाळेला सुट्टी होती, दुपारचे तीन वाजले होते. चार वर्षांची देवश्री नुकतीच झोपली होती, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, आणि घरात अशी शांतता होती की पोटच्या पोरीचा श्वाससुद्धा मोजता यावा. मी चवड्यावर चालत कपाटाशी गेले, दार उघडलं आणि बिजागरीनं ‘कुंईऽऽ’ केलं.

"खालची," आतून आवाज आला. "वरची न्हाय. वरची नीट हाय."

या माझ्या सासूबाई, अनसूयाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. कुकरची शिट्टी ऐकून त्या आत डाळ आहे की भात ते सांगतात. दारावरची थाप ऐकून देवीच्या पूजेसाठी आलेले यजमान सोलापूरचे की लातूरचे तेही सांगतात. एकदाच चुकल्या होत्या. तेव्हा सोलापूरच्या माणसानं लातूरची बायको केली होती आणि थाप तिनं मारली होती.

मी खालच्या बिजागरीला तेल घातलं. आमच्या घरात तेलाला तोटा नाही. आमचं घर पुजाऱ्याचं. तुळजापूरला येणारे यजमान देवीच्या दिव्यासाठी तेल आणतात, त्यातलं उरलेलं घरी येतं. देवीचं तेल कढईत घालायचं नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. मग ते जातं बिजागऱ्यांना, पाळण्याच्या कड्यांना, शिलाई मशीनला. मी लग्न होऊन आले तशी करकरणाऱ्या वस्तूंची खातेप्रमुखच झाले. या घरातला एकही आवाज माझ्या हातून सुटलेला नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

एकच आवाज दाद देत नव्हता. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा.

गतिरोधक आला की ती ‘कर्रर्र... टक’ असं करायची. आधी ‘कर्रर्र’, मग जरा विचार करून ‘टक’. एखाद्या म्हाताऱ्यानं गुडघ्यावर हात ठेवून उठावं आणि उठल्यावर चष्मा खाली पडावा, तसं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गतिरोधक आहे. त्यामुळं मी किती वाजता घरी आले हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी, म्हणजे शंतनूंनी, चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, "गाडी विकतोय. कळंबचे अण्णाराव रविवारी बघायला येणार आहेत."

माझ्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं.

मी तामलवाडीच्या शाळेत शिकवते. देवश्रीही माझ्याबरोबर येते, तिथल्याच अंगणवाडीत बसते. गाडी नव्हती तेव्हा आम्ही दोघी एसटीनं जायचो. पण मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गाड्या भाविकांनी इतक्या भरून येतात की तामलवाडीला थांबतच नाहीत, नुसता वारा घालून जातात. मागच्या वर्षी एका पौर्णिमेला चार एसट्या तशा गेल्या. मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि पोरगी खांद्यावर झोपली होती. आत्यांनी तिला माझ्या खांद्यावरून उचलून घेतलं आणि माझा खांदा चोळत बसल्या. दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडायचा अर्ज लिहायला घेतला होता. आठवड्याभरानं ही गाडी आली, म्हणून तो अर्धाच राहिला.

"का पण विकायची?" मी विचारलं.

"तो आवाज. सस्पेन्शन गेलंय म्हणतात सगळे. असल्या गाडीतनं तुम्ही दोघी रोज जाता, माझा जीव टांगलेला असतो."

"आवाजच ना? रविवारच्या आत काढते."

"तू?"

"मी. या घरातला एकही आवाज—"

"कळलं," ते म्हणाले.

शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या मी कामाला लागले. गाडीत हलण्यासारखं जे जे होतं ते काढलं. दोन छत्र्या, पाण्याची बाटली, देवश्रीचा डबा, तिचाच हरवलेला दुसरा डबा, आणि तिसरा एक डबा, जो कुणाचा ते अजून कळलेलं नाही. गाडी गतिरोधकावरून नेली. कर्रर्र... टक.

मग नेहमीचं औषध. मागच्या चाकांच्या आत वाकून, जिथं जिथं सांधा दिसेल तिथं तेल घातलं. हे मी दर मंगळवारी करत होतेच. दोन दिवस आवाज दबायचा, तिसऱ्या दिवशी जोमानं यायचा, मग मी मात्रा वाढवायची. त्या दिवशी अर्धी बाटली रिकामी केली. कर्रर्र... टक.

आत्या ओट्यावरून बघत होत्या.

"वैदेही, आवाज मागून येतोय."

"मागून म्हणजे डावीकडून का उजवीकडून?"

"ते हितं बसून कसं कळंल? पुढं बसूनबी कळायचं न्हाय. मी डिकीत झोपते. तू चालव."

मी नाही म्हणाले. शपथेवर सांगते, तीनदा नाही म्हणाले. पण आत्यांनी तोवर डिकीवरची फळी काढून भिंतीला टेकवली होती. त्यांनी आत वाकळ अंथरली, नऊवारीचा ओचा सावरला आणि एक कान खाली लावून अशा आडव्या झाल्या, जणू आयुष्यभर डिकीतच झोपत आल्यात. "दार लाव," म्हणाल्या. "आन् मी सांगंपातूर थांबू नगंस."

देवश्री मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून निरोप्याचं काम करू लागली.

"आई, आजी म्हणती हळू."

"बरं."

"आजी म्हणती इतकं हळू न्हाय."

"बरं."

"आजी म्हणती तू बरं-बरं म्हणू नको, तिला ऐकू येत न्हाय."

सोलापूर रस्त्याला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की आज शुक्रवार. रस्ता भाविकांनी फुललेला. गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. वाकळीमुळं डिकीचं दार नीट बसलं नव्हतं आणि आत्यांचा हिरवा पदर हातभर बाहेर लोंबत होता. हे मला मागाहून कळलं. मागून चालत येणाऱ्यांना आधीच कळलं होतं.

काचेवर टकटक झाली. कुंकवानं कपाळ भरलेल्या एक बाई वाकून म्हणाल्या, "ताई, डिकीत कोण हाय?"

"सासूबाई," मी म्हणाले.

मी हे फार शांतपणे म्हणाले, तीच माझी चूक झाली. घाबरून म्हणाले असते तर निभावलं असतं.

"सासूला डिकीत घालून चाललीय ही," बाईंनी मागं वळून सांगितलं. क्षणात गाडीला वेढा पडला. कुणी मोबाइल काढले. एक आजी माझ्याकडं बघून डोळ्याला पदर लावू लागल्या. एक काका म्हणाले, "चांगल्या घरची दिसती हो," आणि दुसरे म्हणाले, "तशाच असतात." तेवढ्यात बंदोबस्तावरचे हवालदार आले.

"डिकी उघडा."

मी उघडली. आत्या डोळे मिटून, एका कानात बोट घालून पडल्या होत्या. आजींनी हंबरडा फोडायला तोंड उघडलं.

"गाडी का थांबवली?" आत्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"मावशी," हवालदार हळुवारपणे म्हणाले, "तुम्हाला कुणी कोंडलंय का? भिऊ नका."

"मला कोण कोंडतंय? मी कामात हाय. गाडीतला आवाज हुडकतीय." आत्या उठून बसल्या. सगळी गर्दी एकवार न्याहाळली आणि मला वाटलं आता त्या लाजतील. छे. "बरं झालं आलासा. एवढी माणसं मला मिळाली नसती. चार जण हिकडून, चार जण तिकडून, गाडी दाबा बरं. हवालदारसाहेब, तुम्ही मधी."

लोकांना खरं कळलं तशी अंगात चेतना आली. हवालदारांनी टोपी काढून टपावर ठेवली. कुणीतरी "आई राजा उदे उदे" म्हटलं आणि ‘उदे’ला सगळ्यांनी मिळून गाडी दाबली. कर्रर्र... टक. पुन्हा उदे, पुन्हा कर्रर्र. मागं अडकलेल्या एसटीचा चालकही उतरून आला आणि लय देऊ लागला. आत्या रस्त्यावर बसल्या, मागच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला, आणि नाडी बघावी तसा धरून ठेवला.

"हितं," त्या म्हणाल्या.

पासष्ट वर्षांची बाई भर रस्त्यात धुळीत बसलेली, हात कोपरापर्यंत काळा, आणि चेहऱ्यावर असं तेज, की त्या रडणाऱ्या आजींनी येऊन त्यांच्या पाया पडून घेतलं. मीही पडले असते, पण मी परत स्टिअरिंग धरून बसले होते आणि ते सोडायची हिंमत नव्हती.

शिवलिंगप्पांचं गॅरेज तिथून जवळच. आत्यांनी उतरल्या उतरल्या सांगितलं, "मागं, डावीकडं, आतला सांधा." अप्पा हसले. पंचवीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस, पुजाऱ्याच्या घरातली बाई त्याला सांधा दाखवते म्हणजे काय. त्यांनी जॅक लावला, चाक काढलं, बॅटरी मारून बघितलं. हसू गेलं.

"अक्का, बरोब्बर हाय की हो तुमचं. दांड्याचं हे रबर गेलंय. बुश म्हणत्यात ह्याला. सस्पेन्शन बाकी दगडावानी हाय." मग त्यांनी रबराला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. "ह्याच्यावर तेल कुणी घातलं? पुरीवानी फुगलंय बघा. रबर तेलानं मऊ पडतंय, फुगतंय, मग करकरतंय."

मी गॅरेजच्या पत्र्याकडं बघत राहिले. पत्रे चांगले होते.

"सुनंनं घातलं," आत्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून पुढं जोडलं, "पण श्रद्धेनं."

"श्रद्धेनं घातलं तरी रबराला चालत न्हाई, अक्का."

अप्पांनी दोन्हीकडची रबरं बदलली. घरी येताना गल्लीच्या गतिरोधकावरून गाडी अशी गेली जशी मांजर ओट्यावरून उतरते. शेजारच्या बानूबाई म्हणाल्या, "आज तू आलेली कळलंच न्हाय गं." मला इतका आनंद झाला की सांगू नये.

ह्यांनी स्वतः एक फेरी मारली. परत आले ते भारावलेले. "वैदेही, मानलं तुला. आईला तर मानलंच."

"मग ठेवायची ना गाडी?"

"अगं, उलट आता निर्धास्त देता येईल. खराब गाडी अण्णारावांच्या गळ्यात मारतोय, या विचारानं मला दोन दिवस जेवण जात नव्हतं. शब्द दिलाय त्यांना. आता मन स्वच्छ झालं बघ."

नवरा प्रामाणिक असणं किती महागात पडतं, ते त्या दिवशी कळलं. मी पोळ्या लाटत राहिले, एकही धड गोल झाली नाही. आत्यांनी त्यातली एक उचलून उजेडात धरली आणि माझ्याकडं बघितलं.

रविवारी अण्णाराव आले. कळंबला धान्याची आडत, पांढरे कपडे, बोलणं मोजकं. ते चालवायला बसले, शेजारी हे. मागं मी, मधे देवश्री, आणि खिडकीशी आत्या. "मला काय, जरा वाऱ्यावर," असं म्हणून त्या आधीच जाऊन बसल्या होत्या.

पहिला गतिरोधक.

कर्रर्र... टक.

ह्यांनी चमकून मागं बघितलं. मी तर गारच पडले. अण्णारावांनी भुवई वर केली. दुसरा गतिरोधक. कर्रर्र... टक. तीच लय, तेवढाच विचार, तसाच ‘टक’. मी सावकाश मान वळवली. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. पदर तोंडावर, नजर दूर बालाघाटाच्या डोंगरावर, चेहरा देवीपुढं उभं राहिल्यासारखा निर्मळ. पदर मात्र हलत होता.

तिसऱ्या गतिरोधकालाही ‘टक’ झालं आणि अण्णारावांनी गाडी वळवली.

"शंतनूराव, सस्पेन्शन गेलंय. आमच्या रस्त्यांवर ही टिकायची न्हाई. राग मानू नका." दारात उतरून चहासुद्धा न घेता ते गेले.

हे गाडीभोवती फिरू लागले. मागून दाबली. आवाज नाही. डावीकडून दाबली, उजवीकडून दाबली, वर चढून उड्या मारल्या. गाडी गप्प. आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या आणि एकाग्रतेनं फोडत होत्या.

"आई, तुला आला ना आवाज?" ह्यांनी त्यांना विचारलं.

"आला की. चांगला तीनदा आला," आत्या म्हणाल्या, आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी देवश्रीला उचलून घेतलं, तिच्या केसांत तोंड लपवलं. तिनं माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून वर केली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, आवाज तर आजीतनं येत होता. मग आजीचं रबर कधी बदलायचं?"