वीरभद्राप्पा मास्तर आणि वळचणीचा शब्द

वीरभद्राप्पा मास्तरांना एकदा सडकून ताप भरला. मी म्हणालो, "डॉक्टरला बोलावतो." तर तापातच उठून बसले. "लॅटिनमधी डॉक्टर म्हंजी शिकवणारा. तो हितंच हाय. बसा!"

निजामाच्या राज्यात कळंबच्या शाळेत आम्ही दोघं शिकवायचो. मी गणित, ते इंग्रजी. मास्तर बाजारात मराठी बोलत, वर्गात सरकारी उर्दू आणि घरी कानडी. घरी एकटेच असत, तेव्हा स्वतःशीच. जीव मात्र इंग्रजीवर. पुठ्ठा निसटलेला एक जाडजूड शब्दकोश उशाशी घेऊन झोपत. "माणसाला जात इचारू नये, शब्दाला गाव इचारावं," हे त्यांचं पालुपद. ते असं गाव सांगू लागले की शिक्षकांच्या खोलीत एकेकाला काम आठवे. मी तर त्यांचा शेजारी. त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचो.

एका श्रावणात, संध्याकाळी, मी आणि शाळेतले आणखी तिघं माझ्या खोलीत सोलापूरहून चोरून आलेलं, बंदी असलेलं वर्तमानपत्र वाचत होतो. सापडलो असतो तर नोकरी गेलीच, वर तुरुंग. बाहेर रिमझिम चालू होती. एकाएकी मास्तरांचा आवाज कडाडला.

"कोन हाय? ईव्ह्जड्रॉपर!"

मी फटीतून पाहिलं. पोलिसांचा खबऱ्या माझ्या खिडकीला कान लावून उभा, आणि मास्तरांनी त्याचं मनगट धरलेलं.

"शिवी देता व्हय?" खबऱ्या गुरकावला.

"शिवी न्हाय बाबा, तुझा हुद्दा हाय! ईव्ह्ज म्हंजी वळचण. ड्रॉप म्हंजी थेंब. वळचणीचं पाणी जिथं पडतं, त्या जागंवर हुबा ऱ्हाऊन जो घरातलं ऐकतो, तो ईव्ह्जड्रॉपर. बघ, टोपीवर काय टपकतंय!"

त्यानं टोपी चाचपली. ओली चिंब. "मास्तर, सोडा. मला काम हाय."

"आरं, तेच तर सांगतो. लई जुना धंदा हाय तुझा. चल, कोशात दाखवतो." आणि त्याला ओढत नेऊन खाटेवर बसवलं.

आम्ही वर्तमानपत्र चुलीत घातलं. तिघं मागच्या दारानं पांगले. भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज येतच होता. जुन्या इंग्लंडात असल्या लोकांना शिक्षा कशी व्हायची, इथवर गोष्ट पोचली होती. खबऱ्या सुटून माझ्याकडं डोकावला तेव्हा मी निवांतपणे भूमितीच्या वह्या तपासत होतो. तो मुकाट्यानं निघून गेला.

मी धावत मास्तरांकडं गेलो. "तुम्ही वाचवलंत आम्हाला! मुद्दाम गुंतवलंत ना त्याला?"

"ते तर व्हयच. तुमचं वाचन माझ्या भिंतीतून रोज ऐकू येतंय की." मास्तर हसले. मग कोशाचं दुमडलेलं पान बोटानं सरळ करत हळूच म्हणाले, "पर खरं सांगू का? त्यानं दोनदा इचारलं, 'मंग फुडं?' अकरा वर्सांत कुणी इचारलं न्हवतं."

मी खाटेवर बसलो.

"मला पण सांगा, मास्तर," मी म्हणालो. "पहिल्यापासून."