न चालवता झिजणारं पॅड

तुम्हाला खरं सांगतो, डिस्क ब्रेकबद्दल माझ्याइतकी माहिती असलेला माणूस अख्ख्या नांदेडात सापडायचा नाही! मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. अठरा वर्षं झाली, पोरांच्या हातात चांगले स्क्रू गेज देतो आणि बिघडलेले परत घेतो. मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही.

दिवाळीत मी गिअरची माउंटन बाईक घेतली. पुढं-मागं डिस्क ब्रेक. म्हणजे चाकाच्या मधोमध स्टीलची चकती, आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन इवलेसे पॅड तिला चिमटीत धरतात. दुकानदार म्हणाला होता, वर्षभर पॅडकडं बघू नका. माझं मागचं पॅड पंचवीस दिवसांत मसाला झिजून पार पत्र्याला टेकलं! पुढचं मात्र नव्यासारखं कोरं.

दुसरा कुणी असता तर भांडायला गेला असता. मला आनंद झाला. निसर्गानं माझ्या दारात येऊन प्रश्न विचारला होता, आणि उत्तर शोधल्याशिवाय मला भाकर गोड लागणार नव्हती. वेल्डरकडून अँगलचा भक्कम स्टँड करून घेतला, मागचं चाक अधांतरी राहील असा. तो घराखालच्या पार्किंगमध्ये ठेवला, सकाळची फेरी झाली की सायकल त्यावर चढवायला लागलो, नवे पॅड टाकले, प्रयोगशाळेतलं स्क्रू गेज आणलं आणि रोज संध्याकाळी पॅड काढून मोजायला बसलो. रोजची झीज मिलिमीटरचे आठ शतांश!

माझ्या बायकोलाही, म्हणजे ज्ञानेश्वरीलाही, या संशोधनाची गोडी लागली. एरवी माझ्या विज्ञानाला ती जांभई देते. आता मात्र भाजी निवडता निवडता रोज विचारायची, "आज किती झिजलं?" आठ म्हटलं की मान हलवायची. एकदा अकरा सांगितलं, तर इतकी खूश झाली की रात्री धपाटे केले! बायकोत वैज्ञानिक वृत्ती रुजवल्याचं समाधान फार थोड्या नवऱ्यांच्या नशिबी असतं.

पण हा नुसता ज्ञानाचा मामला राहिला नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी कॉलेजची सायकल सहल निघणार होती. सायकली टेम्पोत घालून किनवटला न्यायच्या आणि जंगलातल्या उतारांवरून चालवायच्या. प्राचार्यांसमोर मी छाती काढून सांगून बसलो होतो की सगळ्यांच्या पुढं मी राहीन. तर आमचे विभागप्रमुख आनंदराज सर म्हणाले, "सुदामराव, ज्याच्या ब्रेकचा भरवसा न्हाई त्याला मी पुढं काय, मागंसुद्धा घेणार न्हाई. आधी कारण शोधा." झालं! आता माझी इज्जत त्या पॅडच्या जाडीवर अवलंबून होती.

सरांचा पहिला अंदाज असा की मी ब्रेकच फार दाबतो. म्हणून प्रयोग क्रमांक एक: आठवडाभर ब्रेकला हात लावायचा नाही. तिसऱ्याच दिवशी कॉलनीच्या वळणावर कोथिंबिरीच्या हातगाडीत घुसलो. गाडीवाल्या मावशींनी माझ्या सात पिढ्यांचं शिक्षण काढलं. घरी येऊन आधी पॅड मोजलं, मग कोपर धुतलं. झीज आठच!

मग खोदलेल्या रस्त्याची धूळ कारण असेल म्हणून चाकाला मागून जुन्या नऊवारीचं धोतर नेसवलं. झीज आठ. दरम्यान सीटसुद्धा रोज सकाळी चार बोटं खाली बसलेली दिसायला लागली. गुडघे हँडलला लागायचे. मी वहीत लिहिलं, 'सीटची पकड कमकुवत. मूळ विषयाशी संबंध नाही.'

मग मला बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी दोन दिवस लातूरला जावं लागलं. सायकल घरी, स्टँडवर. तिकडं ओळखीच्या मन्मथअप्पांच्या सायकल दुकानातून पॅडची आणखी एक जोडी घेतली. परत आलो, हातपाय न धुता आधी पॅड मोजलं. सोळा शतांश! सायकल जागची हलली नव्हती, मी शंभरावर किलोमीटर लांब होतो, आणि पॅड झिजलं होतं! ज्ञानेश्वरीला सांगितलं तर ती नाराज झाली.

"फक्त सोळा? मला वाटलं वीस तरी होतील."

रात्रभर मला झोप नाही. न चालवता झिजणारं पॅड! सकाळी आनंदराज सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हवेतल्या दमटपणानं पॅडचा मसाला आपोआप सुटत असावा, असं ते म्हणाले. यावर निबंध लिहू, नाव दोघांचं टाकू, पण आधी त्यांचं! मी तिथूनच मन्मथअप्पांना फोन लावला आणि सुनावलं, की तुमच्याकडून घेतले तसलेच पॅड माझ्या सायकलीवर आपोआप विरघळून राहिलेत. अप्पा शांत माणूस. भाचीच्या लग्नाचा बस्ता काढायला शुक्रवारी ते नांदेडला येणारच होते. म्हणाले, तेव्हा बघून जातो.

शुक्रवारी दुपारी आमच्या पार्किंगमध्ये अप्पा, सर आणि मी असे जमलो. रविवार दोन दिवसांवर आलेला. अप्पांनी पॅड हातात घेतलं, बोटानं चाचपलं, वास घेतला.

"सुदामराव, हे रस्त्यावर झिजलेलं न्हाई. धुळीचा एक ओरखडा न्हाई याच्यावर. जळल्याचा वास येऊन राहिला. कुणीतरी ब्रेक आवळून, एकाच जागी, तास तास पायडल मारलंय."

मग ते सीटकडं वळले आणि त्यांनी तिची उंची स्वतःच्या कमरेशी लावून पाहिली. "आन ही सीट तुमच्या उंचीची न्हाई." शेवटी हँडलवर लोंबणारी पांढरी नाडी चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "ही कशाची?"

"ती रोजच असते," मी म्हणालो.

आनंदराज सर माझ्याकडं असे बघायला लागले, जसे ते तोंडी परीक्षेत नापास होणाऱ्या पोराकडं बघतात. एवढ्यात ज्ञानेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली. नाडी बघून जराशी लाजली, पण बिचकली नाही.

"परकराची हाय. ब्रेक आवळून बांधायला. न्हाई बांधलं तर चाक नुसतंच गरगर फिरतं, घाम येत न्हाई."

मग तिनं सरळ सगळं सांगितलं. महिला मंडळाच्या शिबिरात रक्त तपासलं, तर साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, न्हाईतर गोळ्या सुरू. ती घाबरली होती. रस्त्यानं फिरायला निघालं की कॉलनीतल्या दहा जणी दहा प्रश्न विचारणार. म्हणून रोज दुपारी ती तासभर सायकल मारायची, आधी विटा लावून मागचं चाक अधांतरी करून, आणि मी स्टँड आणल्यापासून या स्टँडवर. कालच नवा रिपोर्ट आला होता. साखर उतरली होती.

"अगं, पण मला का सांगितलं न्हाई?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही त्या स्क्रूला डोळा लावून बसला होता. तीनदा मान हलवून 'हाव, हाव' म्हणालात."

मी स्क्रू गेज हळूच खिशात टाकलं.

"मला तर वाटलं," ती जरा हळू आवाजात म्हणाली, "माझा व्यायाम किती झाला तेच रोज मोजून राहिलात तुम्ही. लई बरं वाटायचं."

इथं मला खरंच लाज वाटली. कोथिंबिरीच्या गाडीत घुसलो तेव्हा वाटली नव्हती इतकी. सरांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातलाच नाही. निबंध तिथंच बारगळला.

अप्पांनीच विषय बदलला. पिशवी उघडून विचारलं, रविवारी उतारावर जायचं तर कोणते पॅड बसवू? मी उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत ज्ञानेश्वरी म्हणाली, "मेटलचे द्या अप्पा. रेझिनचे मऊ असतात. आवाज करत न्हाईत, पण तापले की भराभर झिजतात. आन नवे बसवल्यावर आधी सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा हळूहळू दाबून घ्यायचे, तेव्हा पकड येते."

अप्पा थक्क झाले. वहिनी, हे कुठं शिकलात, म्हणाले.

"रोज जेवताना सांगतात की हे. मी ऐकते. रविवारी यांना जाऊ द्या, सोमवारपासून सायकल माझी."

खाली मान घालून मी आपला कप उचलला, एक घोट घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आज साखर टाकायची राहिली का गं?"

"दिवाळीपासून टाकतच न्हाई," ज्ञानेश्वरी म्हणाली.