चिठ्ठीवरची मोलॅरिटी

द्रावणात पाणी घातलं की ते पातळ होतं, हा निसर्गाचा नियम आहे. डोंबिवलीतल्या एका कॉलेजाने मात्र निसर्गाचं सगळंच ऐकायचं नाही असं ठरवलेलं.

तिथे परीक्षेआधी एक मोलर ॲसिडची बाटली भरतात. एक बॅच झाली की उरलेल्यात पाणी ओतून ती पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, ही परंपरा. (पहिल्या बॅचला ॲसिड मिळतं, शेवटच्या बॅचला त्याची आठवण.) विभागप्रमुख पंढरी सरांचा सिद्धांत सरळ आहे: बाटलीवरची चिठ्ठी तीच, म्हणजे मोलॅरिटीही, अर्थात द्रावणाची तीव्रताही, तीच. उत्तर दरवर्षी दहा पूर्णांक एक मिली येतं. प्रयोगाआधीच ते सगळ्यांना पाठ असतं, यावरून शिक्षणाचा दर्जा कळावा.

टिटवाळ्याची जागृती बिचारी शेवटच्या बॅचमध्ये आलेली. पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी ठरलेली, फक्त प्रॅक्टिकल पास व्हायचं बाकी. घरच्यांनी पेढेसुद्धा सांगून ठेवलेले. तिने एम वन व्ही वनचं सूत्र नीट मांडलं, दहा मिली ॲसिड घेऊन पाण्याने शंभर मिली केलं आणि ब्युरेटच्या उभ्या नळीत भरलं. खालच्या फ्लास्कमधला गुलाबी रंग दहा मिली ॲसिड पडलं की नाहीसा व्हायला हवा होता. तो विसाला गेला.

"सर, ॲसिडची ताकद अर्धीच आहे. मी परत करून बघितलं."

पंढरी सर चिडले नाहीत. "अगं, अख्खी बॅच चुकली आणि तू एकटी बरोबर, असं असतं का?"

बाकीच्यांनी दहा पूर्णांक एक लिहून आपापले अजून गुलाबीच असलेले फ्लास्क केव्हाच बेसिनमध्ये रिकामे केले होते. ठाण्याहून आलेले परीक्षक जेवायचे खोळंबलेले. त्यांनी मायेने विचारलं, "बाळ, दहा पूर्णांक एक लिहितेस, की पुढच्या परीक्षेला परत येतेस?"

जागृतीला पेढे आठवले. रडू गिळून तिने दहा पूर्णांक एक लिहिलं. पूर्ण गुण मिळाले, वर 'निरीक्षणशक्ती उत्तम' असा शेरा.

नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात एका सोसायटीच्या टाकीचं पाणी तपासताना रंग भलताच आला. ती धावत साहेबांकडे गेली. साहेबही पंढरी सरांचेच विद्यार्थी.

"बाटलीच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"पिण्याचं पाणी."

"मग झालं तर."

यावेळी तिला रडू आलं नाही. तिने सही केली.

तो अहवाल तुमच्याच सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलाय. तुम्ही त्यातला 'योग्य' एवढा शब्द वाचलात, वर घरी गेलात आणि ग्लासभर पाणी प्यायलात.