मान हलवू नका

चष्मेवाल्याला गाडी चालवता येत नव्हती, पण ती कशी चालवावी याचं ज्ञान त्याच्याकडे उदंड होतं. ते तो बायकोच्या शेजारच्या सीटवर बसून मोकळ्या हातानं वाटत असे. "गिअर बदल." "तो ट्रक बघ." "एवढ्यात ब्रेक नको होता." बायको शाळेत गणित शिकवायची. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची तिला सवय होती, पुन्हा पुन्हा ऐकायची नव्हती. तरी ती ओठ घट्ट मिटून गाडी चालवत राही. मागच्या सीटवर सासूबाई असत. जावई बोलायला लागला की त्या खिडकीबाहेर बघत आणि "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये काय काय भरलंय, ते चष्मेवाल्याला पुरतं ठाऊक होतं.

गाडीच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला होता आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं. स्टिअरिंग हातात आलं की त्याची मान आखडायची. नजर समोरच्या रस्त्याला चिकटून बसायची. डावा आरसा, उजवा आरसा, वरचा आरसा, ही मंडळी त्याच्या लेखी जगात नसायचीच. तिसऱ्या खेपेला परीक्षक बाईंनी कागदावर फुली मारता मारता विचारलं होतं, "तुम्हाला मान आहे ना?"

"आहे की, मॅडम."

"मग ती वळवत चला. नुसती डोकं ठेवायला दिलेली नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं, वह्या तपासायचं लाल पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "अहो, चौथ्यांदा जरूर जा. पण एक अट. या वेळी नापास झालात, तर गाडीत बसून मला एक शब्द बोलायचा नाही. कायमचा."

"म्हणजे समोरून ट्रक आला तरी?"

"ट्रक आला तरी."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "हं."

लायसन्सवाचून चष्मेवाल्याचं काही अडलं नसतं, त्याचं चष्म्यांचं दुकान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पण गाडीत बसायचं, समोर चुका होताना बघायच्या आणि गप्प राहायचं, हे काही त्याला जमण्यातलं नव्हतं. त्यापेक्षा चालत गेलेलं बरं, पण दर रविवारी जायचं ते मेव्हणीचं घर तर तीन गावं सोडून होतं.

"बाबा, तू गेमवर प्रॅक्टिस कर," लेक म्हणाली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि घरातल्या कुठल्याही अडचणीवर तिच्याकडे वायर असलेला उपाय असे. तिनं मैत्रिणीकडून खोटं स्टिअरिंग आणि पेडल आणली, ती जेवणाच्या टेबलाला आवळून बसवली, समोर मोठा स्क्रीन ठेवला आणि एक गेम लावला. त्यात सबंध शहर होतं. सिग्नल होते, बसगाड्या होत्या, मधेच रस्ता ओलांडणारी माणसं होती. आरशात न बघता गाडी वळवली की मार्क कापले जात.

"पण आरसे कुठायत?" चष्मेवाल्यानं विचारलं. स्क्रीनवर नुसती पुढची काच दिसत होती.

"मान वळव, दिसतील."

त्यानं मान वळवली. "फ्रिज दिसतोय."

"थांब रे. तू मान वळवलीस हे गेमला कळायला नको का? त्याला हेड ट्रॅकिंग म्हणतात. त्याचे बरेच प्रकार आहेत, एकेक करून बघू."

पहिला प्रकार स्टिअरिंगवरच्या बटणाचा. बटण दाबलं की नजर डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे. चष्मेवाल्यानं दर वेळी शेजारचा हॉर्न दाबला. शिवाय त्यात मानेला कामच नव्हतं, सवय लागली असती ती अंगठ्याला. दुसरा प्रकार डोक्यावर चढवायच्या अवजड गॉगलचा. तो त्याच्या चष्म्यावर बसेना. चष्मा काढून घातला, तर अख्ख्या पेठेला दृष्टी देणारा हा माणूस सरळ कालव्यात गेला. तरी हिंमत न हरता त्यानं मागे काय आहे ते बघायला दारावर हात टेकला. दार गेममध्ये होतं, जेवणघरात नव्हतं. तो खुर्चीसकट आडवा झाला आणि आधारासाठी धरलेला पडदा त्याच्या अंगावर आला.

"हा प्रकार रद्द," बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "पडदे नवे आहेत."

तिसरा प्रकार साध्या कॅमेऱ्याचा. स्क्रीनवर कॅमेरा लावायचा, तो चेहरा ओळखतो, चेहरा वळला की गेममधली नजरही वळते. चष्मेवाला बसला, गाडी सुरू केली, मान डावीकडे केली. स्क्रीन ढिम्म. उजवीकडे केली. ढिम्म.

"बाबा, तू हलतच नाहीयेस."

"अगं, मघापासून मान मोडायची वेळ आलीये माझी."

लेकीनं तपासलं आणि ती हसून हसून खाली बसली. चष्म्याच्या काचांवर उजेड पडत होता म्हणून कॅमेऱ्यानं बापाचा नाद सोडून मागच्या भिंतीवरच्या, कैलासवासी सासऱ्यांच्या फोटोतला चेहरा धरला होता. म्हणजे गाडी जावई हाकत होता आणि बघत सासरे होते. तेवढ्यात ती बसच्या मागच्या बाजूला जाऊन धडकली. सासूबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. "ते असंच चालवायचे," त्या म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या जावयासमोर "हं" सोडून काहीतरी बोलल्या होत्या.

"आजी, फोटो जरा हलवूया का?"

"त्यांचा फोटो हलणार नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे," लेक म्हणाली. पण फोटो जागेवरच राहिला.

शेवटी चौथा प्रकार आला. टोपीला लावायचा एक चिमटा, त्यावर तीन बारीक दिवे. कॅमेरा फक्त ते दिवे बघतो, चेहऱ्याशी त्याला देणंघेणं नाही. लेकीनं टोपी बापाच्या डोक्यावर दाबून बसवली आणि समजावलं, "आता नीट ऐक. मान अगदी बोटभर वळवायची. गेम त्याचं हातभर करतो. पण डोळे स्क्रीनवरच ठेवायचे, नाहीतर परत फ्रिज दिसेल. म्हणजे मान हलवायची, डोळे हलवायचे नाहीत."

आजवरच्या धंद्यात चष्मेवाल्यानं बरोबर याच्या उलट सांगितलं होतं. गिऱ्हाइकासमोर पेन धरायचं आणि म्हणायचं, "टोकाकडे बघा. मान हलवू नका, फक्त डोळे हलवा." इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतसुद्धा त्याच्या तोंडून तेच यायचं.

पण गरज मोठी होती आणि दिव्यांची टोपी खरंच कामाची निघाली. नाक बोटभर डावीकडे नेलं की डावा आरसा समोर हजर. उजवीकडे नेलं की उजवा. हनुवटी जराशी उचलली की वरचा. रोज दुकान बंद करून आला की तो टोपी चढवून बसू लागला. हळूहळू मार्क कापले जायचे थांबले. मानेला अशी काही सवय लागली की टोपी काढल्यावरही ती आपली आपण फिरू लागली. नाक एकीकडे आणि बुबुळं समोर.

दुकानात याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. "मान हलवू नका," असं सांगताना तो स्वतः डावा, उजवा, वरचा असे तिन्ही आरसे बघून घ्यायचा. एक वयस्क गिऱ्हाईक डोळे तपासायला आलं आणि जाताना त्याचाच हात हातात घेऊन म्हणालं, "काळजी घ्या हो. डॉक्टरना दाखवलंत का?" त्याहून वाईट म्हणजे फ्रेम घालून कोणी विचारलं, "कशी दिसते?" की याची मान आधी डावीकडे, मग उजवीकडे जायची. विचारणारा बिचारा फ्रेम काढून ठेवायचा. चष्मेवाल्याला वाटायचं, सध्या बाजारच मंदा आहे.

अशात एका सकाळी दुकानात साक्षात परीक्षक बाई आल्या. त्यांच्या चष्म्याच्या काचा चरे पडून पांढुरक्या झाल्या होत्या आणि एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. त्यांनी चष्मेवाल्याला ओळखलं नाही. रोज इतक्या माणसांना नापास करायचं, तर चेहरे कुठून लक्षात राहणार. चष्मेवाल्यानं मात्र त्यांना ओळखलं आणि त्याचं डोकं भलतंच चालायला लागलं. परीक्षा चार दिवसांवर होती. आपली मान आता वळते हे बाईंना आत्ताच दिसलं, तर काय बिघडलं?

बाईंनी सोनेरी फ्रेम घातली. "कशी दिसते?"

चष्मेवाल्यानं मान डावीकडे नेली, ठसठशीत. मग उजवीकडे, त्याहून ठसठशीत.

बाईंनी ती काढून काळी घातली. "आणि ही?"

पुन्हा डावीकडे, उजवीकडे. आज कुठलाच आरसा सुटणार नव्हता. बाईंनी गोल घातली, चौकोनी घातली, बिनकडांची घातली, लेकीच्या वयाच्या पोरी घेतात तसली जांभळीसुद्धा घातली. चष्मेवाल्याची मान पट्टीच्या गवयासारखी रंगात आली होती. शेवटी बाईंनी आपला दोरावाला चष्मा नाकावर चढवला. "राहू दे," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

दार बंद झालं तेव्हा त्याला काउंटरवर पसरलेला फ्रेमांचा ढीग दिसला, समोरच्या आरशात अजून फिरत असलेली आपली मान दिसली, आणि डोक्यात प्रकाश पडला. ज्या बाईच्या हातात आपलं गाडीतलं बोलणं होतं, तिला आपण तोंडावर सांगितलं होतं की तुम्हाला काहीही शोभत नाही. त्या रविवारी मेव्हणीकडे जाताना तो गाडीत भरपूर बोलून घेत होता, पुढे मिळेल न मिळेल म्हणून. बायकोनं एकदाच विचारलं, "आज काय सेल आहे का?"

परीक्षेच्या दिवशी तो टोपी डोळ्यांपर्यंत ओढून गाडीत बसला.

"टोपी काढा," परीक्षक बाई म्हणाल्या. नाकावर तोच दोरावाला चष्मा होता.

टोपी काढली. गाडी निघाली. पहिलं वळण आलं तशी सवयीनं मान बोटभर डावीकडे गेली आणि चष्मेवाला आरसा समोर यायची वाट बघत राहिला. आरसा आला नाही. समोर गाडीचं बॉनेट होतं आणि रस्ता होता, तेवढंच. डोळे हलवायचे असतात हे त्याला माहीत होतं, सगळ्या पेठेला त्यानंच शिकवलं होतं. पण डोळे ऐकेनात. ते समोर घट्ट आणि मान आपली डावीकडे, उजवीकडे, वरती, प्रत्येक वळणाला बिनचूक. मागून एक सायकलवाला ओरडत गेला, तो कुठून आला ते त्याला कळलं नाही. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. शेवटी गाडी थांबवली आणि तो डोळे मिटून निकालाची वाट बघत बसला.

"पास," बाई म्हणाल्या.

"अं?"

"एकही आरसा चुकवला नाहीत. मागच्या वेळी मान अजिबात वळत नव्हती तुमची. कागदावर लिहिलंय इथे." मग त्यांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही ते चष्मेवाले ना?"

आता संपलं, असं चष्मेवाल्याला वाटलं. "हो, मॅडम. त्या दिवशीचं म्हणजे... माझ्या मानेचा जरा..."

"अहो, असा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. लोक काहीही घातलं तरी छान छान म्हणून गळ्यात मारतात. तुम्ही एकेका फ्रेमला तोंडावर नाही म्हणालात. घरी जाऊन आरशात बघितलं तेव्हा पटलं मला. पुढच्या आठवड्यात येते, तुम्ही हो म्हणाल तीच घेणार. या चष्म्यातून हल्ली फारच पंचाईत होते. माणसाची मान तेवढी दिसते, डोळे कुठे बघतायत ते काही कळत नाही."

चष्मेवाल्यानं यावर मान हलवली नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

रविवारी पुन्हा मेव्हणीकडे जायचं होतं. चष्मेवाला ऐटीत स्टिअरिंगपुढे बसला. बायको शेजारी बसली, सीट पार मागे सरकवली, पाय लांब केले. सासूबाई मागे होत्याच. गाडी फाटकाबाहेर पडली आणि जिंकलेला हक्क वापरायला चष्मेवाल्यानं तोंड उघडलं. पण सांगणार कोणाला? स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं.

"गिअर बदला," बायको म्हणाली.

त्यानं बदलला.

"तो ट्रक बघा."

"बघतोय."

"एवढ्यात ब्रेक नको होता."

एकेक वाक्य तिनं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. चष्मेवाला कळवळून म्हणाला, "अगं, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं की. नापास झालात तर तुम्ही बोलायचं नाही. मी बोलायचं नाही असं कुठे ठरलं होतं? नीट वाचत चला गणित." आणि मग ती त्याच्याकडे वळून बसली. तिच्या चष्म्याच्या काचा त्यानं स्वतः बसवलेल्या होत्या, एक चरा नाही. तिला सगळं लख्ख दिसत होतं. "अहो, तुम्ही आरशात बघताय की नुसतं नाक फिरवताय?"

चष्मेवाल्याचं नाक तेवढ्यात डावीकडे जाऊन आलं.

"दुकानात काय सांगता हो गिऱ्हाइकांना?"

"मान हलवू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "फक्त डोळे हलवा."

"मग करा की तसं."

चष्मेवाल्यानं गाडी हळू केली, मान आवरून धरली आणि मोठ्या कष्टानं दोन्ही डोळे समोरच्या रस्त्यावरून सोडवून वरच्या आरशात नेले. चालत्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा त्याला आरशात काहीतरी दिसलं. सासूबाई होत्या. खिडकीबाहेर बघत नव्हत्या, थेट त्याच्याकडेच बघत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या.